दोष कोणाच्या पदरी?

वाक्वा येथील एका मराठी कुटुंबात गेल्या हिवाळ्यात घडलेला हा प्रसंग तसा अगदी साधा आहे. बाहेर पावसाची झिम्मड लागलेली होती, घरातील कर्ती माणसे अद्याप कामावरून परतावयाची होती, आणि उच्च माध्यमिक परीक्षेची तयारी करणारा अठरा वर्षांचा नातू जेवणाच्या मेजावर वह्या पसरून जनरल पेपरचा निबंध लिहीत बसला होता. आजच्या जगातील युद्धांचा व कलहांचा दोष जुन्या वसाहतवादी सत्तांकडे जातो काय, असा विषय त्याच्या शिक्षकांनी दिला होता. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेल्या आजाने काय चालले आहे म्हणून विचारले, तेव्हा नातवाने मोठ्या उत्साहाने आपला इंग्रजी मजकूर क्रिओलमध्ये उलगडून सांगावयास प्रारंभ केला. घरात मराठी आहे ती देवघरापुरती, गणेशचतुर्थीच्या आरत्यांपुरती आणि आजीच्या तोंडी उरलेल्या काही म्हणींपुरती. एरवीचे सारे बोलणे क्रिओलमध्येच चालते.

निबंध चांगला होता. मुलाने वाचन केले होते. १९१६ साली साइक्स आणि पिको या दोन मुत्सद्द्यांनी तुर्कांचे साम्राज्य कोसळण्यापूर्वीच नकाशावर त्याचे वाटे कसे पाडले, १९१७ साली बाल्फोर यांनी पॅलेस्टाइनसंबंधी जे आश्वासन दिले ते देताना तेथील बहुसंख्य रहिवाशांना कसे विचारलेही नाही, १९४७ साली ज्यांनी तोपर्यंत हिंदुस्थानची भूमी पाहिलीही नव्हती त्या सिरिल रॅडक्लिफ यांनी अवघ्या पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगाल यांची चिरफाड कशी केली, हे सारे त्याने ओळीने मांडले होते. रुआंडामध्ये बेल्जियन अधिकाऱ्यांनी १९३०च्या दशकात प्रत्येक माणसाच्या ओळखपत्रावर हुतू किंवा तुत्सी असा शिक्का मारला आणि साठ वर्षांनी, १९९४ साली, त्याच ओळखपत्रांची तपासणी रस्त्यारस्त्यावरील नाक्यांवर होऊन माणसे कापली गेली, हेही त्याने सोडले नव्हते. शेवटी निकाल स्पष्ट होता: दोष सर्वस्वी त्यांचा.

आजाने सर्व ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "आणि नॉर्डव्हेर बोटीचे काय लिहिलेस, बाळा?"

"शागोसचे ना? लिहिले आहे, आजा. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य आहे."

"एक वाक्य," असे म्हणून म्हातारा बराच वेळ पावसाकडे पाहत राहिला.

त्या एका वाक्यामागे केवढा इतिहास आहे, याची कल्पना त्या मुलास नव्हती असे नाही. मॉरिशसमधील कोणत्या शाळकरी मुलास ती नाही? परंतु हा इतिहास दोन तऱ्हांनी माहीत असू शकतो. एक तऱ्हा पुस्तकातील. दुसरी, बंदराच्या धक्क्यावर उभे राहून पाहिलेल्या माणसाची. आजा तरुणपणी पोर्ट लुईच्या बंदरात हमाली करीत असे. १९७३ साली तो विशीतला होता.

परंतु त्या धक्क्याकडे वळण्यापूर्वी मुलाच्या निबंधाचा थोडा विचार करणे उचित होईल. कारण तो निबंध एकट्या त्या मुलाचा नाही. गिरमिटाखाली आलेल्या मजुरांच्या वंशजांत हे मत इतके रुळलेले आहे की त्यास कोणी आव्हान दिले तर तो फितूर ठरावा. या मताला आधारही भक्कम आहे. १८३४ साली अ‍ॅटलास जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून आले तेथपासून पुढे सुमारे साडेचार लक्ष माणसे या बेटावर उतरविली गेली. त्यांतील मुंबई बंदरातून निघालेल्यांमध्ये कोकणातली आणि देशावरची मराठी माणसे होती. ज्या सत्तेने त्यांना नाव, क्रमांक आणि छायाचित्र असलेला परवाना गळ्यात अडकवून फिरावयास लावले, तिची वकिली त्यांच्या पणतवंडांनी करावी अशी अपेक्षा कोणीही करू नये.

तरीही रुआंडाचे उदाहरण नीट पाहिले पाहिजे. ओळखपत्र बेल्जियनांनी दिले, हे खरे. परंतु १९६२ साली बेल्जियन निघून गेल्यावर बत्तीस वर्षे ते ओळखपत्र स्वतंत्र रुआंडाच्या सरकारांनीच चालू ठेवले. एका दिवसात रद्द करता आले असते, ते केले नाही, कारण राज्य करणाऱ्यांस ते सोयीचे होते. आणि शंभर दिवसांत जी सुमारे आठ लक्ष माणसे मारली गेली, त्यांच्यावर कोयते चालविणारे हात शेजाऱ्यांचेच होते. शिवाय आफ्रिकेतील सरहद्दी परक्यांनी पट्टी घेऊन आखल्या हे जितके खरे, तितकेच १९६४ साली कैरो येथे जमलेल्या स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांच्या प्रमुखांनी त्याच सरहद्दी कायम ठेवण्याचा ठराव केला हेही खरे. त्यांनी तो मूर्खपणाने केला नाही. एक रेघ हलविली की शंभर रेघा हलतील हे त्यांना दिसत होते. शेकडो जमाती एका सरहद्दीत कोंबलेला टांझानिया यादवीवाचून राहिला आणि जवळजवळ एकच भाषा व एकच धर्म असलेल्या सोमालियाची १९९१पासून शकले झाली. तेव्हा केवळ नकाशावरील रेघेकडे बोट दाखवून कोडे सुटत नाही.

गिरमिटवाल्यांच्या वंशजांस याहूनही जवळचे एक उदाहरण आहे, आणि त्यात एकच मनुष्य दोन्ही ठिकाणी आढळतो. सर आर्थर गॉर्डन हे १८७१ साली मॉरिशसचे गव्हर्नर होऊन आले. त्याच वर्षी आदोल्फ द प्लेव्हित्स या सहृदय गृहस्थाने नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांच्या सह्या घेतलेला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. बागायतदारांनी द प्लेव्हित्सचा छळ केला; परंतु गॉर्डन यांनी तो अर्ज केराच्या टोपलीत टाकला नाही. पुढील वर्षी राजकीय चौकशी आयोग आला आणि १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने या बेटावरील मजुरांची दैना जगापुढे मांडली. मॉरिशसमधील बागायतदारांना गॉर्डन फारसे रुचले नाहीत, हेच त्यांच्याविषयी पुरेसे प्रशस्तिपत्र म्हणता येईल.

तेच गॉर्डन १८७५ साली फिजीचे गव्हर्नर झाले. ते पोहोचले तेव्हा गोवराच्या साथीने फिजीतील मूळ रहिवासी हजारोंच्या संख्येने मरत होते. या लोकांची जमीन गोऱ्यांच्या घशात जाऊ नये, त्यांना उसाच्या मळ्यात जुंपले जाऊ नये, त्यांचे गाव आणि त्यांचे मुखिये शाबूत राहावेत, असे गॉर्डन यांनी ठरविले. हेतू चांगलाच होता. पण वसाहतीचा खर्च भागविण्यास ऊस हवा, आणि उसास हात हवेत. मॉरिशस आणि त्रिनिदाद येथे कारभार केलेल्या गव्हर्नरास ते हात कोठून आणावयाचे हे शिकवावे लागले नाही. १४ मे १८७९ रोजी लिओनिदास जहाज फिजीच्या लेवुका बंदरात आले आणि १९१६पर्यंत साठ हजारांहून अधिक हिंदी माणसे तेथे नेली गेली. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा, आणि साखर तिसऱ्याची, अशी ती व्यवस्था होती. चार-पंचमांशांहून अधिक जमीन मूळ फिजीवासीयांच्या नावे कायमची राहिली. तिच्यावर ऊस पिकविणारा हिंदी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खंडकरीच राहिला.

१० ऑक्टोबर १९७० रोजी फिजी स्वतंत्र झाला आणि १४ मे १९८७ रोजी, म्हणजे लिओनिदास आल्यास बरोबर एकशेआठ वर्षे झाली त्या दिवशी, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी रबुका यांनी महिन्याभरापूर्वीच निवडून आलेले सरकार उलथून टाकले. त्या सरकारात हिंदी वंशाच्या मंत्र्यांचा मोठा भरणा होता, एवढाच त्याचा अपराध. २००० साली पुन्हा तोच खेळ झाला. हिंदी वंशाचे पहिले पंतप्रधान महेंद्र चौधरी यांना संसदेतच छप्पन्न दिवस ओलीस ठेवण्यात आले. भाडेपट्ट्यांच्या मुदती संपल्या, शेतकरी उठले. सुशिक्षितांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची वाट धरली. एके काळी निम्म्याच्या घरात असलेली हिंदी वस्ती २००७च्या शिरगणतीत सदतीस टक्क्यांवर आली.

दोष गॉर्डनचा की रबुकांचा? गॉर्डनने सरपण रचले, असे म्हणता येईल. पण रचलेल्या सरपणास आगकाडी लावणे हे निराळे कर्म आहे. आणि येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, की तिचे श्रेय ज्याचे त्यास मिळाले पाहिजे. रबुका २०२२च्या अखेरीस पुन्हा पंतप्रधान झाले आणि मे २०२३मध्ये गिरमिटवाल्यांच्या वंशजांसमोर उभे राहून त्यांनी १९८७च्या कृत्याबद्दल उघड क्षमा मागितली. ब्रिटिशांनी जमिनीचा कायदा तसा केला म्हणून माझ्या हातून ते घडले, ही सबब त्यांना सहज उपलब्ध होती. क्षमा मागताना त्यांनी दोष स्वतःच्या अंगावर घेतला. गेलेली माणसे त्याने परत आली नाहीत हे खरे, परंतु दोष स्वीकारणारा राज्यकर्ता जगात इतका दुर्मिळ आहे की त्याची नोंद घेणे भाग आहे.

मॉरिशसची गत फिजीसारखी का झाली नाही, याचे उत्तर आपल्या शहाणपणात शोधण्याचा मोह येथील पुढाऱ्यांना नेहमी होतो. त्यात थोडे तथ्य असेल. परंतु या बेटावर मूळ रहिवासीच नव्हते. डच, फ्रेंच, इंग्रज, आफ्रिकेतून व मादागास्करमधून आणलेले गुलाम, हिंदी मजूर, चिनी दुकानदार, सारे जहाजातूनच उतरले. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बागायतदार अडचणीत येऊन त्यांनी मळ्यांचे तुकडे विकावयास काढले, तेव्हा कित्येक हिंदी कुटुंबांनी पै-पै साठवून ते घेतले. फिजीत जी जमीन कोणत्याही मोलाने मिळत नव्हती ती येथे मिळाली. तरीदेखील स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९६८मध्ये, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगे पेटले, घरे सोडून माणसे पळाली, आणि ते शमविण्यास सिंगापूरहून ब्रिटिश पलटण आणावी लागली. पाचच महिन्यांपूर्वी झालेल्या निवडणुकीत शंभरातील चव्वेचाळीस मते स्वातंत्र्यविरोधी पक्षास पडली होती. हे आठवले म्हणजे आपल्या शांततेचा फार अभिमान बाळगण्याचे धाडस होऊ नये.

आता त्या एका वाक्याकडे, म्हणजे शागोसकडे.

मॉरिशसच्या ईशान्येस दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर प्रवाळाच्या बेटांचा हा पुंजका आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचांनी तेथे नारळाची लागवड आरंभिली आणि त्यासाठी मादागास्कर व मोझांबिक येथील गुलाम नेले. गुलामगिरी संपल्यावर काही हिंदी मजूरही तेथे गेले. पाच-सहा पिढ्यांत तेथे एक समाज उभा राहिला. खोबरे काढणे, मासे धरणे, शनिवारी रात्री गाणे-नाचणे, रविवारी चर्च, आणि अधूनमधून पोर्ट लुईहून येणारी बोट, असे त्यांचे आयुष्य होते. मळ्याचा मालक तेथेही होता आणि चाकरी तेथेही होती; तेथे स्वर्ग होता असे कोणी समजू नये. पण घर होते.

सप्टेंबर १९६५मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या भवितव्याची परिषद भरली. तिच्या बरोबरीने एक दुसरी वाटाघाट चालली होती. अमेरिकेस हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि त्यासाठी शागोसमधील दिएगो गार्सिया हे बेट तिच्या डोळ्यांत भरले होते. वसाहतीचे तुकडे पाडून मग स्वातंत्र्य देऊ नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६०च्या १५१४ क्रमांकाच्या ठरावात बजावले होते. असे असता २३ सप्टेंबर रोजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी सर सीवुसागर रामगुलाम यांची गाठ घेतली. स्वातंत्र्याची आशा दाखवून त्यांना धाकात घ्यावे, या अर्थाचे टिपण विल्सन यांच्या चिटणिसाने त्या भेटीसाठी तयार केले होते, हे पुढे उघड झालेल्या सरकारी कागदांवरून जगास कळले. त्याच दिवशी मॉरिशसच्या प्रतिनिधींची संमती मिळाली. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी शागोस तोडून निराळी वसाहत निर्माण करण्यात आली. मोबदला तीस लक्ष पौंड.

ही संमती खरी होती काय? हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिलेल्या अभिमतात सांगितले की जो देश स्वतःच पारतंत्र्यात आहे त्याने आपल्या मालकाला दिलेला होकार म्हणजे जनतेची मुक्त इच्छा नव्हे. तेव्हा शागोसचे तोडणे बेकायदेशीर होते. तेरा न्यायाधीश या बाजूस, एक विरुद्ध. कायद्याच्या दृष्टीने याहून निःसंदिग्ध निकाल मागता यावयाचा नाही, आणि ज्या मुलाच्या निबंधापासून आरंभ झाला त्याची बाजू येथे पुरती सिद्ध होते. इतकेच नव्हे, तर हा दोष केवळ एका देशापुरता राहिला नाही. १९९१ साली इराकवर, २००१ साली अफगाणिस्तानवर, २००३ साली पुन्हा इराकवर बाँब टाकण्यास निघालेली अमेरिकन विमाने याच दिएगो गार्सियावरून उडाली. म्हणजे १९६५ची ती लंडनमधील लेखणी बगदादपर्यंत पोहोचली. साम्राज्य मावळले तरी त्याने देऊन टाकलेली जागा युद्धाच्या कामी येतच राहिली. मात्र ते युद्ध करणारा मालक आता दुसरा होता.

परंतु कागद तेवढेच सांगत नाहीत. त्या वाटाघाटीत मॉरिशसच्या मंत्र्यांनी अमेरिकेने येथील साखर अधिक प्रमाणात विकत घ्यावी अशी मागणी केली होती. बेट द्यावयाचेच तर भाडेपट्ट्याने द्यावे, असेही त्यांचे म्हणणे होते आणि ते मानले गेले नाही. एका पक्षाचे मंत्री मतभेद होऊन सरकारातून बाहेर पडले, पण त्यांची तक्रार मुख्यतः किमतीविषयी होती. दबलेल्या माणसांनी केलेली ही घासाघीस होती. तिचे मूल्यमापन आजच्या सुरक्षित खुर्चीत बसून करणे सोपे आहे. स्वातंत्र्य लांबले असते, कदाचित सार्वमत घ्यावे लागले असते, आणि ते जिंकले असते याची खात्री १९६५ साली कोणासही नव्हती. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट खुपते. ज्यांच्या पायाखालची जमीन विकली जात होती त्या दीड-दोन हजार माणसांस लंडनमध्ये कोणी विचारले नाही, तसे पोर्ट लुईमध्येही कोणी विचारले नाही.

मग १९६७पासून त्यांना हुसकण्यास प्रारंभ झाला. उपचारासाठी किंवा नातलगांस भेटण्यासाठी मॉरिशसला आलेल्या माणसांना परतीची बोट नाही असे सांगण्यात आले. उरलेल्यांचा धान्यपुरवठा आटत गेला. १९७१ साली दिएगो गार्सिया रिकामे करण्यात आले, आणि त्या वेळी तेथील पाळीव कुत्री कोंडून विषारी वायूने मारण्यात आली. पेरोस बान्होस हे शेवटचे बेट १९७३ साली उठले.

त्या वर्षी आलेल्या शेवटच्या तुकडीने पोर्ट लुईच्या बंदरात बोटीतून उतरण्यासच नकार दिला. त्यांना ठाऊक होते की आधी आलेल्यांना येथे घर मिळाले नाही, काम मिळाले नाही. झोपडपट्टीत मुले दगावली. म्हणून ते डेकवरच बसून राहिले, आणि राहण्यास मोडकीतोडकी का होईना पण जागा मिळाल्यावरच खाली आले.

आजाने त्या संध्याकाळी नातवास जे सांगितले ते हेच होते, परंतु धक्क्यावरून पाहिलेले. बोटीवर बायका होत्या, पोरे होती, गोणपाटाची बोचकी होती. उन्हात माणसे निमूट बसलेली होती. खाली हमालांचा घोळका उभा होता, कारण बोट रिकामी झाल्यावाचून त्यांना काम नव्हते आणि काम नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. उशीर होऊ लागला तसे घोळक्यातून कोणी ओरडले, की हे बेटवाले, यांना बोट म्हणजे काय, घर म्हणजे काय, कळते कोठे. सारे हसले.

"तुम्हीही हसलात, आजा?"

"हसलो," म्हातारा म्हणाला. "माझा पणजा असाच बोचके घेऊन याच बंदरात उतरला होता. ते मला माहीत होते. तरी हसलो."

'इल्वा', म्हणजे बेटवाला, हा शब्द त्या काळी पोर्ट लुईत शिवीसारखा वापरला जाई. तो शब्द विल्सन यांनी शिकविला नव्हता. ब्रिटनने या लोकांच्या पुनर्वसनासाठी साडेसहा लक्ष पौंड मॉरिशसच्या सरकारच्या हाती ठेवले होते; ते त्यांच्यापर्यंत पोहोचावयास १९७८ उजाडले. तोवर महागाईने त्याची किंमत निम्मी-शिम्मी झाली होती आणि बहुतेकांच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज चढले होते. ती रक्कम कोणत्याही वसाहतवाद्याने अडवून धरली नव्हती. पुढे त्याच बायका रस्त्यावर बसल्या, उपोषणे केली, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. शार्लेझिया अलेक्सी, लिझेट तालात, रिता बांकूल ही त्यांतील ठळक नावे. त्यांच्याशी भांडणारे पोलीस स्वतंत्र मॉरिशसचे होते. १९८२ साली ब्रिटनकडून आणखी चाळीस लक्ष पौंड मिळाले ते या बायकांच्या उपोषणांमुळे.

म्हणून दोषाची वाटणी करावयाची तर ती वडिलोपार्जित शेतासारखी सरळ पाडता येत नाही. मूळ अन्याय कोणाचा, याविषयी शंका नाही. तो ब्रिटनचा, आणि त्याच्या लाभात अमेरिका भागीदार. परंतु १९७३पासून पुढे रोज जे घडत गेले, झोपडपट्टीतील उपेक्षा, रखडलेले पैसे, शाळेत इल्वा म्हणून चिडविली जाणारी मुले, त्याचा हिशेब लंडनच्या खात्यावर लिहिणे ही पळवाट आहे. साम्राज्याने केलेल्या अन्यायाचा बोभाटा जितक्या मोठ्याने होतो तितका आपल्या हिश्श्याचा भाग झाकला जातो, हे पुष्कळ स्वतंत्र देशांत दिसून येते, आणि तेथील राज्यकर्त्यांस ते फार सोयीचे असते. मॉरिशस त्यास अपवाद नाही. याच्या उलट, दोष सर्वांचाच आहे असे म्हणून मूळ अपराध्यास मोकळे सोडण्याचीही एक तऱ्हा आहे. विलायतेतील काही पंडितांस ती विशेष प्रिय दिसते. तीही तितकीच अप्रामाणिक. गॉर्डन, रॅडक्लिफ आणि विल्सन यांनी केलेले कर्म रबुकांच्या किंवा पोर्ट लुईतील कारकुनांच्या कर्माने फिटत नाही.

२०१८च्या सप्टेंबरात हेगच्या न्यायालयापुढे लिझबी एलिझे या शागोसच्या स्त्रीची साक्ष चित्रफितीवर दाखविण्यात आली. तिने ती क्रिओलमध्ये दिली. पेरोस बान्होसहून नॉर्डव्हेर बोटीने आणले तेव्हा ती गरोदर होती, आणि मॉरिशसला आल्यावर तिचे मूल जन्मतःच गेले. चौदा विद्वान न्यायाधीशांच्या पुढ्यात उलगडलेल्या हजारो पानांत हीच काही मिनिटे पुष्कळांच्या स्मरणात राहिली. फेब्रुवारी २०२२मध्ये मॉरिशसचे जहाज पेरोस बान्होसला गेले, तेथे मॉरिशसचा ध्वज उभारला गेला, आणि लिझबी एलिझे जन्मभूमीच्या वाळूवर उतरली. या वेळी सोबत ब्रिटिश पहारेकरी नव्हता. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. शागोसवरील मॉरिशसचे स्वामित्व त्यात मान्य केले आहे, पण दिएगो गार्सियावरील तळ नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहावयाचा आहे. भाडे सरासरी वर्षास दहा कोटी पौंडांहून थोडे अधिक. १९६५ साली मॉरिशसच्या मंत्र्यांनी मागितलेला आणि नाकारला गेलेला भाडेपट्टा साठ वर्षांनी कागदावर आला, ही गोष्ट वृत्तपत्रांतील गदारोळात फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. या करारातही आपणांस विचारले नाही, असे कित्येक शागोसवासी म्हणतात. त्यांतील काही आता इंग्लंडात क्रॉलीजवळ राहतात आणि मॉरिशसपेक्षा ब्रिटनवर भरवसा ठेवतात. ज्याने घर लुटले त्याच्या दारी लुटलेला माणूस आसरा मागतो, तेव्हा शेजाऱ्याने त्यास कसे वागविले असेल याचा विचार करणे येथील सुज्ञ वाचकांवर सोपविलेले बरे.

वाक्व्याच्या त्या घरात दिवे लागले. आजी देवापुढे निरांजन ठेवून आली. मुलाच्या निबंधास शब्दांची मर्यादा होती, त्यामुळे काही घालावयाचे तर काही काढणे भाग होते. त्याने साइक्स आणि पिको यांचा परिच्छेद खोडला. मग पेन्सिल हातात धरून विचारले, "बोटीवर किती माणसे होती, आजा?"

"मोजली नाहीत," आजा म्हणाला. "शंभराच्या पुढे असतील. एक म्हातारी होती, तिने कोंबडी धरली होती पोटाशी. ते लिही."

मुलाने ते इंग्रजीत कसे लिहावे याचा थोडा वेळ विचार केला आणि लिहावयास बसला.